‘पिशवी काढा’ म्हणणारे एक, ‘हार्मोन घ्या’ म्हणणारे दुसरे : सत्तेचाळिशीतल्या बाईनं करायचं काय?

कागलच्या एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. आधी तो थोडक्यात सांगते. वय ४७. दोन वर्षं पाळीचा मेळ नाही. कधी दोन-दोन महिने येत नाही, आणि आली की दहा-बारा दिवस थांबत नाही, गाठी पडतात. गेले सहा महिने रात्री अंगातून वाफा, घाम, झोपेचं खोबरं. सोनोग्राफीत लिहून आलंय : पिशवी थोडी मोठी, आतलं अस्तर ११ मिमी, डाव्या अंडाशयात अडीच सेंटीमीटरची पाण्याची गाठ. एका दवाखान्यात सांगितलं, ‘पिशवी काढून टाका, आता तिचा उपयोग काय?’ दुसरीकडं हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. जाऊबाई म्हणाल्या, हार्मोननं कॅन्सर होतो. आता गोळ्यांचं पाकीट न फोडता फ्रिजवर पडून आहे आणि ऑपरेशनची तारीख जवळ येतेय. ‘मी तुमच्याकडं आले असते तर तुम्ही काय केलं असतं?’

काय केलं असतं तेच लिहिते.

कोल्हापुरात प्रॅक्टिस करून मला सत्तावीस वर्षं झाली. सुरुवातीची वर्षं बाळंतपणातच गेली. आता त्याच बायका पाळी जायच्या तक्रारी घेऊन येतात, आणि ज्याची नाळ मी कापली तो मिशीवाला पोरगा आईला गाडीवरून सोडून बाहेर मोबाइल बघत बसतो. बाळंतपणाला घरातली सहा माणसं यायची. या वयात बाई बहुतेक एकटीच येते, आणि सुरुवात ‘तसं काही नाही मॅडम, जरा बीपी बघा’ अशी करते. खरी तक्रार निघते ती ती उठायला लागल्यावर, पर्स खांद्याला लावताना. म्हणून मी पेन खाली ठेवायची घाई करत नाही.

ताई, तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात दोन आहेत. रक्तस्राव हा एक आणि वाफा हा दुसरा. दोन्हींचं मूळ अंडाशयाच्या बिघडलेल्या चालीत असू शकतं, पण तपासायची रीत वेगळी आणि इलाजही वेगळा. पिशवी काढल्यानं वाफा थांबत नाहीत. वाफांचा आणि पिशवीचा थेट संबंधच नाही. उलट पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर आज पाच येणाऱ्या वाफा ऑपरेशननंतर पंधरा व्हायच्या. तुम्हाला ऑपरेशन सांगणाऱ्यांनी हे सांगितलं होतं का, ते तुमच्या पत्रात नाही.

आधी रक्तस्राव, कारण घाई असलीच तर तिथं असते.

मी पहिल्यांदा तारखा मागते. त्याची एक गंमत आहे. पाळीची वही वगैरे कुणी ठेवत नाही, पण भिंतीवरचं कॅलेंडर प्रत्येकीकडं असतं. परवा राजारामपुरीतल्या एक वहिनी त्याच कॅलेंडरची पानं फाडून घेऊन आल्या. चौकोनात दुधाचा हिशोब : ‘१ जादा’, ‘नाही’, ‘नाही’. एका तारखेला ‘गॅस लावला’. एका तारखेला भाचीचं डोहाळजेवण. आणि मधेमधे कोपऱ्यात पेनानं बारीक टिंबं. टिंब म्हणजे पाळी. मार्चमध्ये चार टिंबं, एप्रिल कोरा, मे कोरा, जूनमध्ये सलग तेरा टिंबं. एवढ्यावरून मला सोनोग्राफीपेक्षा जास्त कळलं. एप्रिल-मेमध्ये अंडं तयारच झालेलं नाही. अंडं नाही म्हणून अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन नाही, अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन मात्र चालू. त्यामुळं अस्तर वाढत राहिलं, आणि जूनमध्ये ते एकदम ढासळायला लागलं ते थांबेना. पाळी जाण्याआधीच्या चार-पाच वर्षांत हा प्रकार सर्रास होतो. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांची ५१ च्या. म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आहात.

पण ‘वयामुळं होतं’ म्हणून मी सोडून देत नाही. पंचेचाळिशीनंतर असा अनियमित, जास्त रक्तस्राव असेल तर अस्तराचा तुकडा तपासायचाच, हा माझा नियम आहे. त्याला मोठं ऑपरेशन लागत नाही. बॉलपेनच्या रिफिलएवढी, तीनेक मिलीमीटरची प्लॅस्टिकची नळी असते. ओपीडीतल्या टेबलावरच ती पिशवीत घालून अस्तर ओढून घेतात. दोन-तीन मिनिटं पाळीत पोट दुखतं तसं दुखतं, मग बाई चहा पिऊन घरी जाते. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तो रिपोर्ट हातात नसताना पिशवी काढायचा निर्णय घेणं म्हणजे पत्रिका न बघता मुहूर्त काढणं. अस्तरात वाईट पेशी निघाल्या तर ऑपरेशन लागतंच, पण ते वेगळ्या तयारीनं आणि कधीकधी वेगळ्या सर्जनकडून करावं लागतं.

तुमचा ११ मिमीचा आकडा बघून कुणी घाबरवलं असेल तर ऐका. पाळी चालू असलेल्या बाईत अस्तराची जाडी महिन्याभरात बदलत असते. पाळीच्या तोंडावर ११-१२ मिमी अगदी रोजचं आहे. ४ मिमीची जी सीमा तुम्ही कुठंतरी वाचली असेल, ती पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष उलटलेल्या आणि पुन्हा अंगावरून गेलेल्या बाईसाठी आहे. अडीच सेंटीमीटरची साधी पाण्याची गाठ म्हणजे या वयात बहुधा न फुटलेलं अंडं. फार तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू. बहुतेक वेळा तेव्हा ती सापडतच नाही. ‘पिशवी थोडी मोठी’ हे तर दोन-तीन बाळंतपणं झालेल्या कोणत्याही बाईच्या रिपोर्टवर येतं.

आणखी एक शब्द आपल्याकडं फार चालतो : ‘पिशवीच्या तोंडाला जखम’. आतल्या बाजूची लालसर त्वचा तोंडाशी बाहेर दिसते, तिला जखम म्हणतात. ती जखम नसते. त्यावरून ‘उद्या कॅन्सर होईल’ म्हणत काढलेल्या पिशव्या मी मोजल्या नाहीत, पण त्या बायका माझ्यासमोर बसल्यात. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पॅप (तिथल्या पेशींची) किंवा एचपीव्ही (त्या कॅन्सरमागच्या विषाणूची) तपासणी आहे, ती करा. शिबिरात औषध लावून नुसत्या डोळ्यांनी बघतात, ती तपासणी पाळी गेल्यावर तितकीशी उपयोगाची राहत नाही, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो.

तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला, तर औषधानं सुरुवात. हिमोग्लोबिन आधी बघते. या जिल्ह्यात आठ-साडेआठवर भाकऱ्या थापणाऱ्या बायका आहेत आणि त्यांना त्याची सवय झालेली असते. लोहाच्या गोळ्या, रक्तस्रावाच्या दिवसांपुरत्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, किंवा महिन्यातले ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन. आणि माझी स्वतःची आवड म्हणाल तर हार्मोनची कॉपर-टी, म्हणजे तांब्याऐवजी ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध असलेली. नाव ऐकूनच बायका मागं सरतात : ‘या वयात कॉपर-टी? सून काय म्हणेल?’ सुनेला कळायचं काही कारण नाही. ती आत बसून अस्तर पातळ ठेवते, सहा महिन्यांत रक्तस्राव बराच आटोक्यात येतो. सुरुवातीचे तीन-चार महिने मात्र थेंबथेंब डाग लागतात. ते आधी सांगितलं नाही तर बाई तिसऱ्या आठवड्यात ‘काढा’ म्हणत येते. तुमच्या बाबतीत तिचा आणखी एक उपयोग आहे, तो वाफांकडं वळल्यावर सांगते.

पिशवी काढायचीच नाही असा माझा हट्ट नाही. अस्तरात वाईट बदल असतील, मोठ्या गाठी असतील आणि औषधानं काही फरक नसेल, पिशवी खाली उतरली असेल, तर मी स्वतः काढते. पण पन्नाशीच्या आत अंडाशयं चांगली असतील तर ती ठेवते. पाळी गेल्यावरही ती अगदीच गप्प बसत नाहीत. लवकर काढलेल्या बायकांत हाडांचा आणि हृदयाचा त्रास वाढतो, हे पक्कं माहीत आहे. आणि फायब्रॉइड, म्हणजे पिशवीच्या स्नायूतल्या साध्या गाठी, असतील तर पाळी गेल्यावर ते बहुधा आपोआप आकसतात. दोन वर्षं औषधावर निघाली तर ऑपरेशनची गरजच उरत नाही, असं कितीदा तरी होतं.

इथं थोडं विषयांतर करते. दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यात ऊसतोड टोळ्या येतात, बीडकडच्या, मराठवाड्याच्या. कारखान्याच्या आजूबाजूला त्यांची पालं पडतात. त्यातली एक ३४ वर्षांची बाई गेल्या हंगामात आली होती, गुडघे दुखतात म्हणून. बोलता बोलता कळलं, २९ व्या वर्षी पिशवी काढलीय. का काढली? ‘पांढरं जायचं. आन् पाळीत खाडा पडायचा, मुकादम पैसं कापायचा.’ अंडाशयं ठेवली का, तिला माहीत नव्हतं; कागदही नव्हता. सोनोग्राफीत ती दिसली नाहीत. म्हणजे पाच वर्षं ही बाई पाळी गेलेल्या बाईच्या शरीरानं कोयता चालवत होती. वाफा? ‘येत्यात की. उनाचं असंल वाटायचं.’ बीड जिल्ह्यातल्या या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये ओरड झाली, सरकारनं समिती नेमली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही विनाकारण पिशव्या काढण्यावर नियम लागू करायला राज्यांना सांगितलं. पण त्या बाईची हाडं गेली ती गेली. अशा बाईला हार्मोन देणं हा चोचला नव्हे. चाळिशीच्या आत अंडाशयं गेली किंवा थांबली, तर पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत, हार्मोन द्यायलाच हवेत, देऊ नये असं काही दुसरं कारण नसेल तर. मी दिले, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम बांधून दिल्या, आणि एप्रिलमध्ये टोळी परत गेली. पुढं कोण बघणार, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

आता वाफा.

तारदाळच्या एका मावशींनी मला सांगितलेलं वर्णन मी अजून कुणाकडून इतकं नेमकं ऐकलं नाही. ‘तव्यावर भाकरी टाकलो की छातीतनं काय तर वर चढतंय. कान तापत्यात. पदर टाकून मागच्या दारात जाऊन हुभा ऱ्हातो. दोन मिंटात घाम, आन् मग थंडी वाजती. सासू म्हणती, भाकरी करायच्या येळंलाच बरं हिला हुतंय!’ मेंदूत तापमान सांभाळणारं एक केंद्र आहे, इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटसारखं. इस्ट्रोजेन खालीवर व्हायला लागलं की ते फार हळवं होतं. शरीराचं तापमान किंचित वाढलं तरी त्याला वाटतं आग लागली. मग कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात, घाम फुटतो आणि शरीर गरजेपेक्षा जास्त गार होतं. म्हणून मागून थंडी. भाकरीच्या तव्यापाशी ते होणारच. सासूबाईंना मी हे समोर बसवून सांगितलं. त्यांना पटलं की नाही सांगता येत नाही, पण पुढच्या वेळी मावशी म्हणाल्या, दुपारच्या भाकऱ्या आता सासूबाई करतात.

‘हे किती दिवस चालणार?’ हा ठरलेला प्रश्न. अमेरिकेतल्या ‘स्वान’ नावाच्या मोठ्या अभ्यासात, त्रास वारंवार होणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना तो ७.४ वर्षांहून जास्त काळ झाला. तेव्हा ‘चार दिवस सहन कर’ हा सल्ला देणाऱ्याला दिवस मोजता येत नाहीत.

औषध लिहायच्या आधी मी एक गोष्ट करते, आणि ती माझ्या एका चुकीमुळं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात ४६ वर्षांच्या एक शिक्षिका आल्या होत्या. घाम, धडधड, झोप नाही, वजन उतरलेलं. मी पाळीचं वय बघितलं आणि ‘हे व्हायचंच’ म्हणून धीर देऊन पाठवलं. दोन महिन्यांनी फिजिशियननं त्यांचा थायरॉइड तपासला. तो जोरात धावत होता. वजन उतरलेलं मला दिसत होतं, मी विचार केला नाही. पाळी जाताना वजन उतरत नाही हो, बहुधा चढतं. तेव्हापासून टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, हिमोग्लोबिन आणि बीपी हे सगळ्यांचं. कोलेस्टेरॉलही, कारण ते याच वर्षांत वर सरकतं, आणि पाळी गेल्यावर बायकांचा सर्वांत मोठा शत्रू हृदयविकार आहे. एफएसएच नावाची हार्मोनची तपासणी मात्र ४५ च्या पुढच्या बाईला मी सांगत नाही. या काळात ती आज ४० तर पुढच्या महिन्यात ८ दाखवते. पैसे जातात, कळत काही नाही. पाळी गेली की नाही हे कॅलेंडर सांगतं : सलग बारा महिने टिंब नाही, तर गेली.

आता जाऊबाईंचा मुद्दा. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांनी जे ऐकलं त्याची गोष्ट २००२ ची आहे. त्या वर्षीच्या जुलैत अमेरिकेतला ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध एकत्र देण्याचा भाग मध्येच थांबवला गेला. हार्मोनच्या त्या जोडगोळीनं स्तनाचा कॅन्सर वाढतो, अशी बातमी जगभर गेली. कोल्हापुरातही आली. आठवडाभर माझा फोन थांबत नव्हता, आणि मीही बहुतेक जणींच्या गोळ्या बंद केल्या. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? नंतर सावकाश आकडे वाचले. १६ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या, आणि त्यांचं सरासरी वय होतं ६३. म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेल्या बायका. वाढ किती, तर दहा हजार बायकांत वर्षाला आठ जास्त. ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघात वाढले, हे खरं. त्या गोळ्यांतली औषधंही आज आपण निवडतो ती नव्हती. सत्तेचाळिशीतल्या, झोप उडालेल्या बाईचा प्रश्न आणि त्रेसष्टीतल्या आजींचा प्रयोग, हे दोन एकाच मापानं मोजले गेले आणि एक अख्खी पिढी घाम पुसत राहिली.

आजची समजूत अशी आहे : वय साठच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, त्रास खरा असेल आणि नको म्हणायचं कारण नसेल, तर हार्मोनचा फायदा धोक्यापेक्षा बहुधा जास्त भरतो. नको म्हणायची कारणं मात्र मी एकेक विचारते. स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, हृदयविकार किंवा पक्षाघात, काविळीसारखा चालू यकृताचा आजार, आणि कारण न कळलेला रक्तस्राव. शेवटचं कारण आज तुम्हाला लागू आहे, ताई. म्हणूनच तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत ते पाकीट फ्रिजवर राहिलं हे बरंच झालं.

रिपोर्ट चांगला आला, स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी झाली, की मी तुमच्यासारख्या बाईला बहुधा इस्ट्रोजेनचं जेल देते. दंडावर किंवा मांडीवर चोळायचं. ते यकृतातून न जाता थेट रक्तात जातं, त्यामुळं गुठळीची भीती गोळीपेक्षा कमी. पिशवी आहे, म्हणजे तिच्या अस्तराला आवर घालायला प्रोजेस्टेरॉन लागणारच. नुसतं इस्ट्रोजेन द्यायचं नाही, कधीच नाही. आणि इथं ती हार्मोनची कॉपर-टी दुसऱ्यांदा कामाला येते : रक्तस्रावही तीच सांभाळते आणि अस्तरही. एका दगडात दोन पक्षी म्हणतात तसं. कॉपर-टी नको असेल तर महिन्यातले बारा-चौदा दिवस रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी. तिनं थोडी गुंगी येते, आणि झोप नसलेल्या बायका त्याबद्दल तक्रार करत नाहीत. तीन महिन्यांनी परत बोलावते, मग वर्षाला एकदा. किती वर्षं घ्यायचं याचा ठरावीक आकडा नाही. दर वर्षी बसून ठरवायचं. चालू असताना अचानक अंगावरून गेलं तर वर्षाची वाट बघायची नाही.

हार्मोन चालत नसतील किंवा नकोच असतील, तर दुसरी औषधं आहेत. व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन. पहिलं नैराश्याचं म्हणून ओळखलं जातं, त्यामुळं मेडिकलवाला काहीतरी बोलतो आणि बाई घाबरून परत येते. मी चिठ्ठीवरच लिहून देते : ‘वाफांसाठी’. सोयाबीनचा फायदा काहींना होतो, थोडा. तिखटाचं म्हणाल तर तांबडा रस्सा सोडा असं सांगायला मी कोल्हापुरात दवाखाना टाकलेला नाही. रात्री तेवढा नको, आणि त्यावर गरम चहा नको.

लघवीच्या जागेचा कोरडेपणा हा विषय बायका काढतच नाहीत, म्हणून मी काढते. ‘वरचेवर लघवीला जळजळ होते का? मालक जवळ आल्यावर दुखतं का?’ पहिल्या प्रश्नाला लगेच मान हलते. दुसऱ्याला आधी खिडकीकडं बघितलं जातं, मग हलते. साठीतल्या बायका वर्षातून पाच-पाच वेळा अँटिबायोटिक घेऊन दमलेल्या असतात, आणि खरं कारण तिथली पातळ झालेली त्वचा असतं. वाफा कधीतरी आपोआप जातात, हे मात्र जात नाही, वाढतं. इस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचं क्रीम तिथं दोन आठवडे रोज रात्री लावायचं, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात नावापुरतंच जातं. एवढं साधं औषध, आणि ते न मिळाल्यामुळं किती नवरा-बायकोंची अंथरुणं वेगळ्या खोल्यांत गेलीत ते मी ऐकत आलेय.

पाळी मागंपुढं होतेय म्हणून दिवस जाणार नाहीत, असं मात्र समजू नका. एक ४५ वर्षांच्या काकी ‘पाळी गेली, पोट सुटलं’ म्हणत आल्या. थोरल्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. सोनोग्राफीत अठरा आठवडे. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची.

नवरात्राच्या तोंडावर माझ्याकडं गर्दी होते ती पाळी पुढं ढकलायच्या गोळीसाठी. अंबाबाईला जायचं असतं, घरात घट असतात. पंचवीस वर्षांच्या पोरीला मी दोन प्रश्न विचारून गोळी देते. सत्तेचाळीसची बाई ‘तेवढ्या गोळ्या लिहून द्या’ म्हणाली की मात्र टेबलावर घेते, बीपी बघते, तारखा विचारते. काही जणी चिडतात. पण वर्षभर डॉक्टरकडं न आलेली बाई देवीच्या निमित्तानं आलीय, तर तिला तशीच कशी सोडायची?

हाडांचं थोडक्यात. पाळी गेल्यावरची पहिली पाच-सात वर्षं हाडं झपाट्यानं झिजतात. दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं. पाव लिटर दुधात तीनशेच्या आसपास असतं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे आपल्या आजीची आंबील काही वेडेपणा नव्हता. गोकुळला दूध घालणाऱ्या घरातली बाई स्वतः कपभर दूध पीत नाही, हे मी रोज बघते. ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजारांची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, ते बास. वर्षभर स्वतःच्या मनानं घेऊ नका. ‘मी दिवसभर कामच करतो की’ हे व्यायामाला उत्तर नाही, पण रंकाळ्याला एक फेरी आणि आठवड्यातून दोनदा हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन केलेला व्यायाम हे आहे.

चिडचिड, रडू येणं, विसरणं यावर तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून इथं वाढवत नाही. असेल तर सांगा. झोप सुधारली की त्यातलं निम्मं जातं, उरलेल्या निम्म्यासाठी मी मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवते आणि त्यात लाजत नाही.

आणि एक गोष्ट जाऊबाईंनाही सांगा, त्यांची पाळी गेली असेल तर. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी अंगावरून गेलं, गुलाबी डाग जरी दिसला, तरी आठवड्याच्या आत डॉक्टरकडं. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सब्जा पीत बसायचं नाही. अशा दहा बायकांतल्या नऊ जणींना कॅन्सर नसतो. दहावी कोण, ते तपासल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा ताई, तुमच्या ऑपरेशनची तारीख आधी पुढं ढकला. ज्यांनी ती दिली त्यांना भांडायला जाऊ नका. सरळ विचारा : अस्तराचा तुकडा तपासलाय का? औषधानं बघूया का? अंडाशयं ठेवणार का? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर त्यांच्याकडंच राहा, कागलहून इकडं यायची गरज नाही. आणि दुसऱ्या कुणाकडं जाणार असाल, तर सोनोग्राफीची जुनी-नवी सगळी पानं, न फोडलेलं ते पाकीट आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा मोबाइलवर काढलेला फोटो बरोबर न्या. आईची पाळी कितव्या वर्षी गेली तेही विचारून ठेवा. आई नसतील तर थोरल्या मावशीला फोन करा, मावशांना ते आठवत असतं.